मंडीच्या डावातला कोरा पत्ता

नवतपा, म्हणजे मेच्या अखेरचे ते नऊ आगीचे दिवस, लागला की माझं डोकं फिरतं. घरच्यांचा समज असा, की ते उन्हानं फिरतं. सून पन्ह्याचा पेला पुढ्यात आणून ठेवते, मुलगा कूलरमध्ये पाणी आहे का ते वाकून बघतो आणि दोघं एकमेकांकडे पाहतात. ऊन मला आजवर कधी बाधलं नाही. भर दुपारी धरमपेठेच्या बाजारातून पिशवीभर कांदे घेऊन पायी येणारी बाई आहे मी. माझं डोकं फिरतं ते वाळ्याच्या वासानं. कूलरच्या ताट्या दर वर्षी पहिल्यांदा भिजल्या आणि तो ओला, मातकट, गोडसर वास खोलीत पसरला की सत्तरच्या दशकातला एक उन्हाळा येऊन माझ्याशेजारी बसतो. मग मला माझ्या भावाचा नव्यानं राग येतो. हा भाऊ, म्हणजे आमचा मधूदादा, आता आमच्याच घरात वरच्या मजल्यावर राहतो. मे महिन्यात आपल्या वरणात मीठ जास्त का पडतं, हे त्या बिचाऱ्याला अजून कळलेलं नाही.

यंदा त्यात भर घातली ती पुण्याहून आलेल्या नातीनं. इरा सुट्टीला येताना कपडे कमी आणि पत्ते जास्त घेऊन आली. ते आपले चौकट-बदाम नव्हेत; राक्षस, पऱ्या, पंख असलेले वाघ असले पत्ते. मुलं ते जमवतात, एकमेकांशी बदलतात आणि त्यांचा डाव मांडतात. प्रत्येक प्राण्याला मैदानात उतरवायला ठरावीक रंगाची शक्ती लागते, आणि त्या शक्तीचेही वेगळे पत्ते असतात. त्यातला एक पत्ता कोणत्याही रंगाच्या जागी चालतो. इरा म्हणाली, "आजी, तू गणिताची टीचर होतीस ना? मग सांग, सगळे पत्ते असेच का घेऊ नयेत?" मी म्हटलं, काहीतरी खोट असेल बघ, फुकट कोणी देत नाही. तिनं पत्ता उलटसुलट करून बारीक अक्षरं वाचली. "हो, हा एक पाळी उशिरा चालतो."

कशालाही चालतो, पण उशिरा. मी उठून स्वयंपाकघरात गेले आणि बराच वेळ उगाच डबे पुसत राहिले.

आम्हीही एक डाव खेळायचो. तो बाजारात मिळत नव्हता. तो आम्हीच केला होता, मी आणि शालूनं. शालू म्हणजे शेजारच्या नानांची मुलगी. दोन्ही घरांमध्ये छातीइतकी भिंत, आणि त्या भिंतीवरून वाट्या, ताटल्या, पुस्तकं, आणि आईचं लक्ष नसेल तर आम्हीसुद्धा, इकडून तिकडे जायचो. नानांची काटोलकडे संत्र्याची बाग होती. आमचे बाबूजी सदर भागातल्या एका ऑफिसात होते. त्या वर्षी शालूची आणि माझी बी.ए.ची परीक्षा नुकतीच संपली होती आणि परीक्षेनंतरचं ते रिकामपण, ज्याची आपण वर्षभर वाट पाहतो, दुसऱ्याच दिवशी अंगावर आलं होतं.

लग्नसराईत घराघरात पत्रिकांचा गठ्ठा साचतो. जाड कागद, एका बाजूनं छापलेला, दुसऱ्या बाजूनं स्वच्छ. तो टाकायचा नाही ही आईची शिस्त. किराण्याची यादी त्यावर, लोणच्याच्या बरण्यांच्या चिठ्ठ्या त्याच्या. आम्ही तो गठ्ठा पळवला, कात्रीनं सारखे तुकडे कापले आणि कोऱ्या बाजूवर रंगीत पेन्सिलींनी चित्रं काढली: संत्री, कापूस, तूर, मिरची, कोळसा आणि सागवान. डावाचं नाव मंडी. पत्ते वाटायचे आणि प्रत्येकानं आपल्या हातात एकाच मालाचे सात पत्ते जमवायचे. ते जमले की गाडी भरली. नको असलेला माल पालथा धरून ओरडायचं, "दोन देतो, दोन दे!" ज्याला पटेल त्यानं बदलून घ्यायचं. गाडी भरली की मध्ये पालथ्या घातलेल्या तांब्यावर चमचा आपटायचा, की मंडी बंद. तो आरडाओरडा इतका व्हायचा, की बाबूजींनी रविवारची दुपारची झोपच सोडून दिली.

मिरच्या काढता काढता लाल पेन्सिल संपली. चार तुकडे तसेच राहिले. मी म्हटलं, फेकून देऊ. शालू म्हणाली, "राहू दे वं कोरेच. ज्याच्या गाडीत जे कमी पडंन, ते म्हणून चालवू."

अशी त्या कोऱ्या पत्त्याची उत्पत्ती. आणि त्याचा नियमही तिनंच घातला. कोरा पत्ता हातात आला, की आपल्याला वाटेल तेव्हा तो जमिनीवर ठेवून त्याचं नाव मोठ्यानं सांगायचं: "हा कापूस." मग तो त्या डावापुरता कापूस. तांब्या वाजला तेव्हा कोरा पत्ता कोणाच्या हातात बिननावाचा राहिला असेल, तर तो सडका माल. त्याचे गुण उलटे कापायचे. मधूदादानं यावर वाद घातला होता. तो बी.एस्सी. झालेला, घरातला विद्वान.

"काहून गा सडका? कोरा तर कधीच सडत नाही. तो तसाच राहते."

"आमच्या बागेत येऊन पाहा," शालू म्हणाली. "संत्रा तोडून ठेवला अन् गाडीत गेला नाही, तर सडतेच. कोणाची वाट नाही पाहत."

बागायतदाराच्या मुलीपुढे बी.एस्सी.चं काही चाललं नाही.

त्या पत्त्यांची आणखी एक गंमत होती. ते चारही कोरे एकाच पत्रिकेतून कापले गेले होते. कोण्या श्रीमंताचं लग्न होतं. पत्रिकेला मागून सोनेरी कड होती. त्यामुळे कोरा कोणाच्या हातात आहे, हे समोरच्या सगळ्यांना दिसत असे. लपवण्याची सोयच नव्हती. हातात काय आहे ते सगळ्यांना माहीत. तुम्ही त्याचं करता काय, एवढंच बाकी.

आम्ही चौघं खेळायचो: मी, शालू, दादा आणि आई. आई खेळता खेळता सरगुंडे वळायची. बारीक काडीवर कणकेचा धागा गुंडाळत तिचे हात चालायचे आणि तोंडानं "एक देते, एक दे" चालू. तिला कोऱ्या पत्त्याचं अप्रूप नव्हतं. "मले काय करायचा हा? घे, मले दोन तुरी दे," म्हणून ती तो देऊन टाकायची. मी कोरा आला की गाडी चार-पाच पत्त्यांनी भरेपर्यंत थांबायचे आणि मग नाव द्यायचे; हे हिशेबानं सगळ्यात शहाणपणाचं होतं, आणि म्हणूनच मी फारशी हरतही नसे, फारशी जिंकतही नसे. शालू कोरा हातात पडल्या क्षणी ठेवून द्यायची. "हा संत्रा." तिच्याजवळ संत्र्याचा एकच पत्ता असायचा. मग सगळ्यांना कळायचं की ही संत्री जमवते आहे, आणि आम्ही संत्री दाबून ठेवायचो. ती कितीतरी वेळा हरायची. पण हरताना तिच्या समोर काहीतरी मांडलेलं असायचं.

आणि दादा. दादाच्या हाती कोरा आला की त्याचा चेहरा उजळायचा. पत्ते पंख्यासारखे पसरून धरत तो कोरा अगदी टोकाला लावायचा, सोनेरी कड आमच्याकडे करून. कापसाचे पाच जमले तरी नाव द्यायचा नाही. "थांब, मिरचीही चार झाली. कदाचित मिरची लवकर भरंन." मग मिरचीच्या मागे. मग पुन्हा कापूस. तेवढ्यात कोणीतरी तांब्या वाजवायचं आणि दादाच्या हातात दोन अर्ध्या गाड्या आणि एक सडका माल. तो मनापासून चकित व्हायचा. "अरे, माझं तर कोणतंही होऊ शकत होतं!"

पुढे शाळेत मुलांना गणित शिकवताना मी या कोऱ्याचा विचार बरेचदा केला. सगळ्याच्या जागी चालणारी वस्तू मोलाची असते, यात वाद नाही. सुरुवातीला ती सगळ्यात मोलाची, कारण तेव्हा सगळे रस्ते मोकळे असतात. पण तिचं मोल दर पाळीला थोडं थोडं उतरत जातं, आणि ते उतरताना दिसत नाही. पत्ता हातात तसाच्या तसा असतो, कड तशीच चमकते. दादाला मी हे एकदा कागदावर मांडून दाखवलं. तो म्हणाला, "बरोबर आहे तुझं." तो नेहमीच म्हणतो, बरोबर आहे तुझं. मला त्याचा तेव्हाही संताप आला.

शालूबद्दल सांगायला हवं. मी मधूदादा म्हणायचे, गल्लीतल्या सगळ्या मुली मधूदादा म्हणायच्या. शालू कधीच म्हणाली नाही. लहानपणापासून "मधू". तिच्या आईनं दोन-तीनदा टोकलं, "मोठा हाये तो, दादा म्हण." तिनं ऐकून न ऐकल्यासारखं केलं. आमच्या आईच्या ते केव्हाच ध्यानात आलं होतं. एकदा सरगुंडे वळता वळता ती मला हळूच म्हणाली, "पोरगी दादा म्हणत नाही, हे तुझ्या दादाले समजते का वं?" दादाला समजत होतं. शालू भिंतीवरून आली, की तो हातातलं पुस्तक उलटं धरून वाचायला लागायचा. ती हरली, की त्याला जिंकल्याचा आनंद व्हायचा नाही. दुपारी दाराला लावलेल्या वाळ्याच्या ताट्यांवर पाणी मारायचं काम त्याचं होतं. शालू बसते त्या बाजूच्या ताटीवर तो तांब्याभर जास्त मारायचा, की तिकडे गार हवा यावी. आम्ही तिघीही ते पाहायचो.

मे महिन्याच्या मध्यावर एका दुपारी नाना आले. बाबूजी ऑफिसात, शालू घरी. दादा बैठकीत होता. आई आणि मी आतल्या खोलीत, मधला पडदा अर्धा सरकलेला. नाना बोलणारे माणूस नव्हते. बागेतल्या माणसासारखे थोडक्यात बोलायचे. बसले, टोपी काढून गुडघ्यावर ठेवली.

"मधू, मी फिरवून बोलत नाही. शालूले बिलासपूरचं स्थळ आलं हाये. पोरगा चांगला हाये. पण तिच्या मनात काय हाये ते तिच्या मायले ठाऊक, अन् मलेही. असं पोराले विचारायची आपल्यात रीत नाही. पण मी विचारून राहिलो. तुझ्या मनात असंल तर सांग. मग मी तुझ्या बाबूजींशी बोलतो."

आईचा हात काडीवर थांबला.

दादा म्हणाला, "नाना, बँकेच्या परीक्षेचा निकाल यायचा हाये. हिंगण्याच्या कंपनीनंही बोलावलं, पण तिथं एकदा चिकटलो तर चिकटलोच. भिलाईलाही एकानं शब्द टाकला हाये. यातलं काय होते ते एकदा कळलं की... दिवाळीपर्यंत थांबता येईल काय?"

"मी नोकरीचं कुठं विचारलं?"

"तसं नाही. पण मी नाही म्हणत नाही, नाना."

नानांनी गुडघ्यावरची टोपी उचलली. "हो पण तर म्हणत नाही ना गा," ते म्हणाले. मग आईनं बाहेर नेलेलं पन्हं त्यांनी पूर्ण प्यायलं, पेला खाली ठेवला, "पन्हं चांगलं झालं वहिनी," म्हणाले आणि गेले.

आई दादाच्या अंगावर धावूनच गेली. "जा. आत्ता जा. भिंतीवरून उडी मार अन् सांग त्यांले." दादा म्हणाला, "आई, मी नाही म्हटलं का? दिवाळीलेच तर म्हटलं." खरंच त्याला वाटत होतं, की त्यानं काहीच गमावलेलं नाही, उलट सगळं शाबूत ठेवलं आहे.

संध्याकाळी बाबूजी आले. आईनं सगळं सांगितलं आणि म्हणाली, आपण जाऊन बोलू. बाबूजींनी चहाचा कप खाली ठेवला. "आपण मुलाकडचे. मुलाकडचे आपणहून कोणाच्या दारात मुलगी मागायले जातात काय? त्यांची इच्छा असंल तर येतील पुन्हा." आणि भिंतीपलीकडे नाना शालूच्या आईला म्हणाले, हे मला शालूनंच नंतर सांगितलं, "मुलीच्या बापानं एकदा विचारायचं असते. दोनदा विचारलं तर पोरीची किंमत राहत नाही." आमच्या लोकांत अशी ही रीत. मुलीकडचे दुसऱ्यांदा येत नाहीत, मुलाकडचे पहिल्यांदा जात नाहीत. दोन्ही घरं भली, दोन्ही घरांना हे लग्न हवं होतं, आणि दोन्ही घरं आपापल्या जागी मान धरून बसली. वाट्या भिंतीवरून येत-जात राहिल्या. त्या आठवड्यात आईनं फणसाची भाजी पाठवली, तिकडून आमरस आला. बोलणं मात्र कोणीच पाठवलं नाही.

या सगळ्याला तोडणारं माणूस एकच होतं, आणि ते म्हणत होतं दिवाळीपर्यंत. ज्येष्ठ संपला की मुहूर्त संपतात. मग पाऊस, चातुर्मास, आणि तुळशीचं लग्न लागेपर्यंत कोणाचंच लग्न नाही. चांगलं स्थळ हातात असताना मुलीचा बाप एवढा काळ कोणाच्या "नाही म्हणत नाही"वर काढत नसतो. बिलासपूरची मंडळी येऊन गेली. आठवड्याच्या आत सुपारी फुटली.

त्यानंतर शालू एकदाच खेळायला आली. हातात नवी हिरवी काकणं. आई म्हणाली, आज राहू दे, पण शालूनंच तांब्या पालथा घातला. दादा समोर बसला. डाव सुरू झाल्याबरोबर सोनेरी कड त्याच्या हातात दिसली. त्या दिवशी आम्ही कोणी ओरडलो नाही. नुसते पत्ते सरकवत होतो. शालू माल बदलायचं सोडून त्याच्याकडे पाहत होती. "ठेव ना खाली," ती म्हणाली. "काहीही म्हण. मिरची म्हण, कोळसा म्हण. पण म्हण." दादा हसला. खरोखर हसला तो. "थांब, पाहून राहिलो," म्हणाला. शालूनं आपले पत्ते गुडघ्यावर पालथे ठेवले आणि उठून गेली. डाव तिथेच मोडला, आणि मंडी आमच्या घरात परत कधी मांडली गेली नाही.

दादाचं पुढे काय झालं, हे लोक मला विचारतात, आणि मला नीटसं सांगता येत नाही. तसं काही वाईट झालं नाही. बँकेचा निकाल लागला, तो पास झाला; नेमणूक लांबच्या गावी होती म्हणून त्यानं विचार करायला वेळ मागितला. भिलाईचं बारगळलं. शेवटी हिंगण्यालाच लागला, आणि कंपनीच्या बसनं सकाळी जाणं आणि संध्याकाळी धुळीनं माखून येणं, यात त्याची नोकरी सरली. तिथे तो सगळ्यांचा लाडका. स्टोअर्सला माणूस कमी पडला, मधुकरला पाठवा. हजेरीबाबू रजेवर गेला, मधुकरला बसवा. सगळं यायचं त्याला. बढती मात्र प्रत्येक वेळी त्या त्या खात्यातल्या माणसाला मिळाली, आणि हा कोणत्याच खात्यातला नव्हता. मुली सांगून आल्या. "पाहू" म्हणता म्हणता त्या यायच्या थांबल्या. मी रागावून बोलते, पण मला त्याचं वाईटच वाटतं. फार वाईट वाटतं. इतका चांगला माणूस मी दुसरा पाहिला नाही, आणि त्या चांगुलपणाला राहायला स्वतःचं घर मिळालं नाही.

पण नवतप्यात मला दिसतो तो हा सत्तरीचा दादा नव्हे. मला दिसते शालूच्या लग्नाची संध्याकाळ.

गोरज मुहूर्त होता. दारापुढे मांडव, आणि मांडवाखाली दिवसभराची तापलेली हवा तशीच कोंडलेली. सकाळपासून दादा नानांच्या घरी राबत होता. बर्फाच्या लाद्या त्यानं आणल्या, पाण्याचे पिंप त्यानं भरले, वरातीला गुलाबाचं सरबत की लिंबाचं हेही त्यालाच विचारलं गेलं. "मधू कुठं गेला गा?" ही हाक दिवसभर मांडवात घुमत होती. आई आमच्या घरात डोकं दुखतं म्हणून पडून होती. तिचं डोकं दुखत नव्हतं.

शालूचा मामा काटोलहून दुपारच्या बसनं आला होता. खिशात कांदा होता, डोक्याला पंचा होता, तरी त्याला ऊन लागलं. आल्या आल्या उलट्या झाल्या आणि आतल्या खाटेवर कपाळावर ओला कपडा ठेवून तो ग्लानीत पडला. आमच्याकडे मंगलाष्टकांच्या वेळी नवरीच्या पाठीमागे मामाला उभं राहावं लागतं. शालूच्या आईकडचं दुसरं पुरुषमाणूस मांडवात कोणी नव्हतं. भटजी घाई करायला लागले. अंतरपाट धरला गेला. मी करवली म्हणून दिवा घेऊन शालूच्या शेजारी उभी होते.

गावाकडून आलेले एक म्हातारे होते, त्यांना कोण कोणाचं काही माहीत नव्हतं. त्यांनी सरबताचे पेले घेऊन चाललेल्या दादाला पाहिलं. "अरे, हा पोरगा हाये ना! सकाळपासून पाहून राहिलो, घरचाच दिसते. ये गा, मामाच्या जागी उभा राहा."

नानांनी अडवायला म्हणून हात उचलला. चार-पाच जण एकदमच म्हणाले, हो हो, मधू उभा राहील. दादानं पेल्यांचं ताट खाली ठेवलं, हात शर्टाला पुसले आणि आला.

"चालेल," तो म्हणाला.

शालूनं मान वळवली नाही. तिची नजर अंतरपाटावर होती. मुंडावळ्यांआडून, फक्त त्याला आणि मला ऐकू जाईल एवढ्या आवाजात ती म्हणाली, "मधू, याले तरी नाही म्हण."

मी दादाकडे पाहिलं. त्याचे ओठ हलले. त्याला कळलं होतं. सगळं, अगदी सगळं त्याला त्या क्षणी कळलं, हे मी त्याच्या चेहऱ्यावर पाहिलं. तेवढ्यात भटजींनी सूर लावला, लोक उभे राहिले, मागून कोणीतरी त्याला हलकेच पुढे सरकवलं.

तो तिच्या मागे उभा राहिला. सगळी मंगलाष्टकं होईपर्यंत उभा राहिला. अक्षता उडत होत्या, त्या तिच्या डोक्यावर पडत होत्या आणि थोड्या त्याच्याही. तिचे खांदे थरथरत होते. ते मला शेजारून जितकं दिसत होतं, त्याहून जास्त त्याला मागून दिसत होतं.

अंतरपाट ओढला गेला, वाजंत्री सुरू झाली, आणि गर्दीतून कोणीतरी ओरडलं, "मधू, पंगतीचं पाहा गा!"

दादा लगेच गेला.